मणके भरले, हाडं मोडली: रोचेस्टरच्या फ्लोराइड चाचणीचं प्रकरण

डेक्साच्या, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीच्या, रिपोर्टमध्ये सगळ्यांची नजर एकाच आकड्यावर जाते, टी-स्कोअरवर. आपलं हाड तरुण, निरोगी माणसाच्या सरासरीपेक्षा किती विरळ आहे हे तो सांगतो. तो उणे 2.5 किंवा त्याखाली असेल तर ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं विरळ आणि ठिसूळ होण्याचा आजार, ही रेघ जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटानं 1994 साली आखली. औषध सुरू होतं, वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा तपासणी होते, आकडा थोडा वर सरकलेला दिसतो आणि घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. "आईचं हाड भरलं बरं का!" हे वाक्य मी अनेकदा ऐकलंय. दर वेळी मला अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या रोचेस्टर गावी झालेली 202 बायकांची एक चाचणी आठवते. तिथेही हाडं भरली होती. आजची नावाजलेली औषधं चार वर्षांत भरत नाहीत इतकी भरली होती.

आणि ती मोडली.

या चाचणीचा निकाल 1990 साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आला. म्हातारपणी झिजणाऱ्या हाडांवरच्या संशोधनाला त्यानं वेगळ्या वाटेला लावलं. आपल्याकडे मात्र त्याबद्दल फारसं बोललं जात नाही. खरं तर या गोष्टीचा अर्धा भाग आपल्याच देशातल्या विहिरींजवळ घडलेला आहे.

आशा कुठून आली

सुरुवात कोपनहेगनची. 1932 साली मोलर आणि गुड्योनसन या दोघांनी क्रायोलाइट दळणाऱ्या कामगारांचे एक्स-रे तपासले. क्रायोलाइट म्हणजे ग्रीनलंडहून येणारं खनिज, त्यात फ्लोराइड भरपूर. शोध चालला होता धुळीनं खराब झालेल्या फुप्फुसांचा, पण फिल्मवर दिसलं भलतंच: बरगड्या, मणके, कमरेची हाडं, सगळं पांढरंफटक. पाच वर्षांनी, 1937 साली, मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर जिल्ह्यातून तसंच वर्णन आलं. तिथे कारखाना नव्हता, होतं विहिरीचं पाणी. ते लिहिणाऱ्यांत शॉर्ट आणि राघवाचारी यांच्यासोबत चिंतामण गोविंद पंडित होते. हेच पंडित पुढे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचे पहिले संचालक झाले.

या आजाराची, म्हणजे हाडांच्या फ्लोरोसिसची, गावात करायची एक साधी तपासणी आहे. जमिनीवर नाणं ठेवायचं आणि गुडघे न वाकवता ते उचलायला सांगायचं. आजार मुरलेला माणूस अर्ध्यावरच अडतो. कंबर वाकतच नाही, मग गुडघे दुमडून, एक हात मांडीवर रेटत तो खाली जातो. हनुवटी छातीला टेकवा म्हटलं तर मान तेवढी झुकत नाही. कुणी बाजूनं हाक मारली तर नुसती मान वळत नाही, अख्खं धड फिरवावं लागतं. मणक्यांना जोडणाऱ्या बंधांमध्येही चुना साठलेला असतो, पुढच्या हातातल्या दोन हाडांमधला पडदासुद्धा कडक होतो. पण याच माणसाला घनतेच्या यंत्राखाली झोपवलं तर कमरेच्या मणक्यांचा आकडा उत्तम येईल.

डॉक्टरांच्या एका पिढीला यात आजाराबरोबरच औषधही दिसलं, आणि मला त्यांचा राग येत नाही. त्यांच्यासमोर काय होतं ते पाहायला हवं. हाड हे जिवंत ऊतक आहे, ते आयुष्यभर थोडं थोडं कुरतडलं जातं आणि पुन्हा भरलं जातं. पाळी गेली की इस्ट्रोजेन घटतं, कुरतडण्याचा वेग वाढतो आणि भरणारे हात मागे पडतात. हा संबंध बॉस्टनमध्ये फुलर ऑलब्राइट यांनी 1940 च्या सुमारासच दाखवला होता. पण उपाय म्हणून हाताशी होतं ते इस्ट्रोजेन आणि कॅल्शियम. दोन्ही झीज मंदावतात, गेलेलं हाड परत आणत नाहीत. पाठीला पोक आलेली, उंची दोन-तीन इंचांनी घटलेली बाई समोर बसली की "आता आणखी झिजणार नाही" एवढंच सांगणं किती तोकडं असेल! फ्लोराइड मात्र नवं हाड घालायला लावत होतं. तेव्हा माहीत असलेल्या पदार्थांत हे जोमानं करणारं दुसरं काही नव्हतं.

1961 साली रिच आणि एन्सिंक यांनी सोडियम फ्लोराइड रुग्णांना देऊन कॅल्शियमच्या हिशोबावर होणारा परिणाम 'नेचर'मध्ये मांडला. 1966 साली नॉर्थ डकोटातल्या पाहणीत दिसलं की पाण्यात फ्लोराइड जास्त असलेल्या भागात हाडं विरळ होण्याचं आणि मणके खचण्याचं प्रमाण कमी आहे, विशेषतः बायकांमध्ये. पुढची पंधरा-वीस वर्षं फ्लोराइडच्या गोळ्या वापरात राहिल्या. युरोपातल्या काही देशांत त्यांना रीतसर मान्यता होती. अमेरिकेत नव्हती, तरी डॉक्टर देत होते.

1982 साली रोचेस्टरच्या मेयो क्लिनिकमधल्या लॉरेन्स रिग्ज यांच्या गटानं आपल्या रुग्णांचे आकडे प्रसिद्ध केले. फ्लोराइड आणि कॅल्शियम घेणाऱ्यांचे मणके कमी मोडले होते. पण कुणाला कोणतं औषध द्यायचं हे तिथे चिठ्ठ्या टाकून ठरलेलं नव्हतं. अशा तुलनेत दोन गट मुळातच वेगळे असू शकतात.

चाचणी

रिग्ज यांनी मग तीच गोष्ट कडक पद्धतीनं तपासायला घेतली. पाळी गेलेल्या, ऑस्टिओपोरोसिस असलेल्या आणि मणके मोडलेल्या 202 बायका. कुणाला सोडियम फ्लोराइड आणि कुणाला तशीच दिसणारी, औषध नसलेली पोकळ गोळी हे नशिबावर सोडलं, आणि ते ना बाईला माहीत ना तिच्या डॉक्टरला. फ्लोराइडचा डोस रोज 75 मिलिग्रॅम. कॅल्शियम दोन्ही गटांना रोज 1500 मिलिग्रॅम. मुदत चार वर्षांची.

75 मिलिग्रॅम सोडियम फ्लोराइडमध्ये निव्वळ फ्लोराइड साधारण 34 मिलिग्रॅम भरतं. आपल्याकडे पिण्याच्या पाण्यात फ्लोराइडची कमाल मर्यादा लिटरमागे 1.5 मिलिग्रॅम आहे. म्हणजे त्या मर्यादेवरचं 22-23 लिटर पाणी रोज पिण्यासारखं. उलट बाजूनं पाहा: विहिरीत लिटरला 5 मिलिग्रॅम फ्लोराइड असेल आणि उन्हात राबणारा माणूस दिवसाला पाच-सहा लिटर पाणी पीत असेल, तर त्याच्या पोटात 25-30 मिलिग्रॅम जातं. गोळीतला डोस आणि गावातला डोस यांत फार अंतर नव्हतं.

चाचणी शेवटपर्यंत 135 जणींनी पूर्ण केली, 66 फ्लोराइडच्या आणि 69 पोकळ गोळीच्या. मधल्या काळात फ्लोराइडच्या गटातल्या 54 जणींचा डोस त्रासामुळे कमी करावा लागला. दुसऱ्या गटात असा त्रास 24 जणींना झाला. तक्रारी मुख्यतः दोन होत्या, पोटाच्या आणि पायांच्या दुखण्याच्या.

निकालाचा पहिला भाग डोळे दिपवणारा होता. पोकळ गोळीच्या तुलनेत कमरेच्या मणक्यांची घनता 35 टक्के जास्त, खुब्यातल्या मांडीच्या हाडाच्या मानेची 12 टक्के, तिच्याजवळच्या उंचवट्याची, ज्याला ट्रोकँटर म्हणतात, 10 टक्के. फक्त पुढच्या हातातल्या रेडियस हाडाच्या दांड्यात 4 टक्के घट होती.

नवे मोडलेले मणके मोजले तेव्हा फ्लोराइडच्या गटात 163 आणि दुसऱ्या गटात 136 निघाले. संख्याशास्त्राच्या दृष्टीनं हा फरक नाहीच. म्हणजे 35 टक्के भर पडूनही मणके वाचले नव्हते. मणके सोडून इतर हाडं किती मोडली? फ्लोराइडच्या गटात 72, दुसऱ्या गटात 24.

त्याच सुमारास डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड हॉस्पिटलमध्ये मायकेल क्लीरेकोपर यांच्या गटाची लहान पण त्याच डोसची चाचणी चालू होती. तिचा निकाल 1991 साली आला. मणके मोडणं तिथेही कमी झालं नव्हतं.

मला रिग्ज यांच्याबद्दल मनापासून आदर वाटतो. ज्या औषधावर त्यांनी स्वतः आशा धरली, त्याला त्यांनी अशा चाचणीत उभं केलं की जिथे हरायची पूर्ण सोय होती, आणि ते हरलं तेव्हा तसं स्पष्ट लिहिलं.

यंत्रानं काय पाहिलं नाही

घनतेचं यंत्र हाडातल्या खनिजाची सावली मोजतं. एका चौरस सेंटिमीटरच्या आड किती ग्रॅम खनिज आहे, एवढंच. ते खनिज कुठे बसलंय, कसं बसलंय, सोबतच्या कोलॅजेन या प्रथिनाच्या धाग्यांशी त्याची पकड कशी आहे, हे सावलीत येत नाही.

हाडाचे दोन भाग असतात. मणक्याच्या आतला भाग अनारशासारखा जाळीदार. हातापायांच्या लांब हाडांचा दांडा बाहेरून टणक आणि आतून पोकळ, कळकासारखा. अंगावर येणारा भार खुब्यात आणि पायात मुख्यतः या टणक भिंतीवर तोलला जातो. फ्लोराइडनं नवं हाड घातलं ते बहुतेक जाळीदार भागात. टणक भिंतीतून मात्र थोडं थोडं निघून गेलं, आणि रेडियसमधली 4 टक्क्यांची घट हेच सांगत होती. त्या तक्त्यात हा आकडा सगळ्यात किरकोळ दिसतो. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा तोच होता.

जे नवं हाड बनलं तेही धड नव्हतं. हाडातलं खनिज म्हणजे हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइटचे बारीक स्फटिक. फ्लोराइड त्यातल्या हायड्रॉक्सिलची जागा घेतं. असा स्फटिक मोठा होतो आणि सहजी विरघळत नाही, पण कोलॅजेनशी त्याची वीण ढिली राहते. काही ठिकाणी धागे घाईघाईत, आडवेतिडवे टाकले जातात. काही ठिकाणी नव्या हाडात खनिज नीट बसतच नाही, कॅल्शियम कमी असेल तर हे आणखी बिघडतं. खडू हातात घेतला तर आतून भरीव असतो, पोकळ नसतो. फळ्यावर जरा जोर दिला की कट्कन तुटतो.

पायांच्या दुखण्याचीही दखल आधीच घेता आली असती. टाच, घोटा, गुडघा अचानक दुखायला लागणं ही फ्लोराइड घेणाऱ्या रुग्णांची नेहमीची तक्रार होती. 1986 साली मेयो क्लिनिकमधल्याच डॉक्टरांनी अशा रुग्णांचे पाय तपासले आणि त्यांना बारीक तडे सापडले, भारानं पडणारे. 1989 साली हेडलंड आणि गॅलॅघर यांनी फ्लोराइड घेणाऱ्या बायकांमध्ये खुबा मोडण्याचं प्रमाण वाढल्याचं लिहिलं. बाई सांगत होती पाय दुखतोय, आणि सगळे बघत होते तिच्या मणक्याकडे.

नलगोंडा, 1973

आता आपल्याकडची बाजू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतले कृष्णमाचारी आणि कमला कृष्णस्वामी यांनी 1973 साली 'लॅन्सेट'मध्ये नलगोंडा जिल्ह्यातल्या गावांविषयी लिहिलं. नलगोंडा तेव्हा आंध्र प्रदेशात होतं, आता तेलंगणात आहे. तिथल्या तरुण मुलांचे गुडघे आत वळत होते, एकमेकांवर घासत होते. पाण्यात फ्लोराइड, खाण्यात मुख्यतः ज्वारी, पोटात कॅल्शियम कमी. एक्स-रेमध्ये मणके दाट दिसत होते आणि त्याच शरीरातली हातापायांची हाडं विरळ. 'ऑस्टिओपोरोसिस' हा शब्द त्या लेखाच्या शीर्षकातच आहे.

मणका दाट, हात-पाय विरळ. रोचेस्टरच्या तक्त्यात सतरा वर्षांनी जे आकड्यांनी उमटलं, ते नलगोंड्यातल्या मुलांच्या फिल्मवर उघड दिसत होतं. दोन्हीकडचं वय वेगळं, आहार वेगळा, हे मान्य. रोचेस्टरच्या बायकांना कॅल्शियम भरपूर मिळत होतं, या मुलांना नव्हतं. तरीही एका पदार्थाची सवय तिथे दिसून गेली होती. मग ती औषधाच्या चर्चेपर्यंत का पोचली नाही? मला वाटतं, एका ठिकाणी ती 'विषबाधा' म्हणून नोंदली गेली आणि दुसऱ्या ठिकाणी 'उपचार' म्हणून. वाचणारे वेगळे, परिषदा वेगळ्या. फ्लोरोसिसवर काम करणारे पाण्याकडे पाहत होते, ऑस्टिओपोरोसिसवाले आकड्याकडे.

नागपूरच्या 'नीरी'नं, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेनं, पाण्यातलं फ्लोराइड काढायची जी पद्धत बसवली तिला नलगोंडा पद्धत असंच नाव आहे. पाण्यात तुरटी आणि चुना घालायचा, ढवळायचं, साका तळाशी बसू द्यायचा, वरचं पाणी अलगद काढून घ्यायचं. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या आपल्या जिल्ह्यांतही भूजलातल्या फ्लोराइडचा त्रास आहे. 1970 च्या दशकात एकीकडे बादलीतून हा पदार्थ बाहेर काढण्याची खटपट चालली होती आणि दुसरीकडे म्हाताऱ्या बायकांना तो गोळीतून दिला जात होता. दोन्हीकडची माणसं प्रामाणिकपणे आपलं काम करत होती. त्यांची गाठ पडली नाही याची मला हळहळ वाटते.

पुढे काय बदललं

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं ऑस्टिओपोरोसिससाठी सोडियम फ्लोराइडला कधीच मान्यता दिली नाही. 1994 सालच्या मार्गदर्शक सूचनांत त्यांनी नवीन औषधासाठी दोन गोष्टी मागितल्या: आधी प्राण्यांमध्ये हाडाची ताकद आणि प्रत तपासा, मग माणसांमध्ये मोडलेली हाडं मोजा. नुसती घनता वाढवून भागणार नव्हतं.

या नव्या कसोटीवर अलेन्ड्रोनेट हे औषध उतरलं. मणके मोडलेल्या 2027 बायकांच्या चाचणीचा निकाल 1996 साली 'लॅन्सेट'मध्ये आला. तीन वर्षांत नवा मणका मोडला तो पोकळ गोळीच्या गटात 15 टक्के जणींचा, अलेन्ड्रोनेटच्या गटात 8 टक्के जणींचा. खुबा मोडण्याचं प्रमाणही निम्म्यावर आलं. आणि कमरेच्या मणक्यांची घनता किती वाढली होती? पोकळ गोळीच्या तुलनेत सुमारे 6 टक्के.

फ्लोराइडचे 35 टक्के एका बाजूला ठेवा, हे 6 टक्के दुसऱ्या बाजूला. अलेन्ड्रोनेट कुरतडणाऱ्या पेशींना आवर घालतं. जाळीत पडणारे नवे खड्डे थांबतात, आणि तडा जायला सुरुवात अशा खड्ड्यापासूनच होते. घनता थोडीच वाढली तरी ताकद टिकते, ती याचमुळे.

व्याख्याही बदलली. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या तज्ज्ञगटाचं निवेदन 2001 साली छापलं गेलं, त्यात ऑस्टिओपोरोसिस म्हणजे हाडाची ताकद खालावणं असं लिहिलं, आणि ताकद म्हणजे घनता अधिक हाडाची प्रत. त्या 'प्रत' या शब्दामागे मला रोचेस्टरच्या त्या 72 मोडलेल्या हाडांचा वाटा दिसतो.

फ्लोराइडची बाजू पूर्ण पडली असंही म्हणता येत नाही. डॅलसमध्ये चार्ल्स पाक यांनी कमी डोसचं, हळूहळू विरघळणारं फ्लोराइड मधे मधे खंड पाडून दिलं आणि 1995 साली मणके कमी मोडल्याचं दाखवलं. पण फ्रान्समधल्या 354 बायकांच्या चाचणीत, 1998 साली, साध्या कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वापेक्षा फ्लोराइडचा काहीच जास्त फायदा दिसला नाही, घनता वाढूनसुद्धा. तोवर चांगली औषधं आली होती, फ्लोराइड मागे पडलं.

नवं हाड घडवण्याची कल्पना मात्र चुकीची ठरली नाही. टेरिपॅराटाइड हे औषध नेमकं तेच करतं. 1637 बायकांच्या चाचणीत, 2001 साली, मणके मोडण्याचा धोका त्यानं 65 टक्क्यांनी कमी केला, आणि मणके सोडून इतर हाडं मोडण्याचा 53 टक्क्यांनी. त्यातून बनणारं हाड शरीराच्या नेहमीच्या हाडासारखंच असतं.

पुन्हा तोच प्रश्न

आता चक्र पुन्हा फिरतंय. चांगली औषधं असताना मणके मोडलेल्या बाईला तीन वर्षं पोकळ गोळी देणं कुणाच्याच मनाला पटत नाही. पटूही नये. मोडलेली हाडं मोजायची तर हजारो बायका आणि अमाप पैसा लागतो. म्हणून 'सेबर' नावाच्या प्रकल्पातल्या संशोधकांनी जुन्या चाचण्यांतल्या एकेका रुग्णाची माहिती एकत्र केली. 2020 सालच्या त्यांच्या लेखात 23 चाचण्यांतल्या 91,779 जणांचा हिशोब आहे. त्यात खुब्याची घनता जितकी वाढली तितकं हाड मोडणं कमी झालेलं दिसतं. त्यांचा प्रस्ताव असा की दोन वर्षांनंतरची खुब्याची घनता हाच पुरावा धरावा.

त्यांचं काम भक्कम आहे, आणि कुरतडणं थांबवणाऱ्या औषधांपुरतं मला ते पटतं. पण रोचेस्टरमध्ये मांडीच्या हाडाच्या मानेतही 12 टक्के वाढ झाली होती. मणका सोडून खुब्याकडे पाहिलं असतं तरी फ्लोराइड अशा परीक्षेत मोठ्या गुणांनी पास झालं असतं. हाड घडवण्याचा अगदी नवा मार्ग घेऊन कुणी आलं, तर मोडलेली हाडं मोजल्याशिवाय त्याला दार उघडू नये, असं माझं ठाम मत आहे.

ते करताच येत नाही असंही नाही. रोमोसोझुमॅब या हाड घडवणाऱ्या नव्या औषधाची एक मोठी चाचणी 2017 साली प्रसिद्ध झाली. 4093 बायकांत पोकळ गोळीऐवजी तुलना थेट अलेन्ड्रोनेटशी केली होती. आधी वर्षभर रोमोसोझुमॅब आणि मग अलेन्ड्रोनेट घेणाऱ्यांचे मणके, सुरुवातीपासून अलेन्ड्रोनेटच घेणाऱ्यांपेक्षा 48 टक्क्यांनी कमी मोडले. त्याच चाचणीत पहिल्या वर्षी हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या गंभीर घटना रोमोसोझुमॅबच्या गटात 2.5 टक्के आणि अलेन्ड्रोनेटच्या गटात 1.9 टक्के निघाल्या. आज या औषधाच्या माहितीपत्रकावर जो ठळक इशारा आहे तो या आकड्यांमुळे आहे. डेक्साच्या टेबलावर हा धोका कधीच दिसला नसता.